माय पोहायला शिकली

आमच्या घरात बाहेरगाव म्हटलं की बोरखेडी. लोक लग्नाला जायचे, मौतीला जायचे, कोर्टकचेरीला जायचे. आम्ही बोरखेडीला जायचो आणि तिथं जाऊन काहीच करायचो नाही. तलावाच्या काठी बसायचं, पाण्यात डुंबायचं, सागाच्या जंगलातल्या टेकडीवर चढायचं, बोरं पाडायची आणि ऊन कललं की पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, रमतगमत घरी यायचं. वर्ध्याच्या आमच्या गल्लीत हे कुणाला नीट समजावून सांगता यायचं नाही. पिशव्या घेऊन निघालेलं आम्हाला पाहिलं की शेजारच्या काकू ओट्यावरून विचारायच्या, “काऊन वं कुंदे, मावशीकडं काही कार्यक्रम हाय का?” मी म्हणायची, “नाई काकू, असंच.” त्या माझ्याकडं असं बघायच्या की जणू मी काहीतरी लपवतेय. असंच कुठं जाणं ही आमच्यासारख्यांच्या घरात तेव्हा नवीन गोष्ट होती. माझ्या आजोबांच्या पिढीत माणूस गाव सोडायचा तो मजुरीसाठी. नुसतं पाण्याकडं बघायला एस.टी.चं तिकीट काढणारी आमच्या घरातली आम्हीच पहिली.

आम्ही म्हणजे माय, बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ मिलिंद. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. पांढरा सदरा, कडक इस्त्रीची पँट आणि बाराही महिने हातात काळी छत्री. पाऊस असो, ऊन असो, थंडी असो, छत्री असायचीच. बोलणं अगदी कमी. मालधक्क्यावर हमालांच्या आरडाओरड्यात दिवस काढून आलेल्या माणसाला घरी आवाज नको असतो, असं माय म्हणायची. मला मात्र वाटायचं की बाबांना लोकांच्या नजरेचं भय आहे. रस्त्यानं चालताना ते मायच्या चार पावलं पुढं चालायचे आणि तिला हाक मारायची झाली तर “ऐकून राह्यली का?” एवढंच. तिचं नाव मी त्यांच्या तोंडून घरातसुद्धा कधी ऐकलं नव्हतं.

बोरखेडी आमच्या आयुष्यात आली ती एका दुःखातून. मिलिंदच्या पाठीवर मायला मूल झालं आणि ते राहिलं नाही. मुलगी होती. त्यानंतर माय उठायची, भाकरी थापायची, भांडी घासायची आणि सगळं आवरलं की चुलीसमोरच बसून राहायची. चूल विझलेली, राख थंड झालेली, आणि माय त्या राखेकडं बघत असायची. बाबा दारातून आत यायचे, तिला तसं बघायचे आणि छत्री खुंटीला लावून पुन्हा बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. शेवटी एक दिवस मायची मोठी बहीण, सुभद्रामावशी, कुणी न बोलावता आली. तिनं बाबांना विचारलं नाही, मायला विचारलं नाही. माझे आणि मिलिंदचे कपडे तिनं एका पिशवीत कोंबले आणि बाबांना म्हणाली, “जावईबुवा, मी शांताले घेऊन जाऊन राह्यली. तुमी रविवारी येजा.”

मावशीचा नवरा, म्हणजे आमचे मावसाजी, तलावाच्या कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताला कोणत्या दिवशी पाणी सोडायचं हे बघणं त्यांचं काम. त्यामुळं पाळीच्या खालीच त्यांना दोन खोल्यांचं कवेलूच्या छपराचं घर मिळालेलं. बोरखेडीला जायचं म्हणजे सेलू मागं टाकायचं आणि केळझरच्या अलीकडं नागपूरचा रस्ता सोडून उजवीकडं वळायचं. केळझरच्या गणपतीला निघालेली मंडळी फाट्यावरच उतरायची, आणि आमची एस.टी. वळायची तेव्हा अर्धी रिकामी झालेली असायची. मग सागाचं रान, मग धूळ, आणि मग एका चढावर अचानक समोर पाणी. आजही डोळे मिटले की मला तो चढ आठवतो. मिलिंद खिडकीतून अर्धा बाहेर लटकून ओरडायचा, “आलं!” आणि कंडक्टर त्याच्या चड्डीला धरून त्याला आत ओढायचा.

मावशीच्या घरी सदा पाण्याचा आवाज असायचा. कालव्याचं दार थोडं जरी उघडं असलं तरी एक घुमणारा, न थांबणारा सूर भिंतीतून आत यायचा. पहिल्या दिवशी तो ऐकू यायचा, दुसऱ्या दिवसापासून यायचा नाही, आणि वर्ध्याला परत गेलं की त्याच्याविना झोप लागायची नाही. सकाळी टिटव्या ओरडायच्या. हिवाळ्यात तलावावर बदकांचे थवे उतरायचे आणि त्यांचा कलकलाट बाजारासारखा वाटायचा. रविवारी त्यात ट्रान्झिस्टरची भर पडायची, कारण वर्धा, हिंगणघाट, नागपूरकडची माणसं डबे बांधून, जीपमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून पार्टीला यायची. पार्टी म्हणजे पानगे. गव्हाचं जाडंभरडं पीठ मळून त्याचे गोळे पळसाच्या पानांत गुंडाळायचे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि वरून तूप ओतायचं. सोबत वांग्याची झणझणीत भाजी. तलावाच्या काठाकाठानं अशा दहा चुलींचा धूर चढायचा. मावशी पानगे करायची तेव्हा तुपाऐवजी जवसाचं तेल असायचं, पण वांगी तिच्या परसातली होती आणि मासे मावसाजींनी पहाटे आणलेले. मोठेपणी मी पुष्कळ ठिकाणी जेवले, पण पानातून काढताना बोटं पोळणाऱ्या त्या पानग्याची चव कुठं आली नाही. आता माझी सून गॅसच्या ओव्हनमध्ये ते करते. मी खाते आणि छान झालेत म्हणते.

आम्ही बाराही महिने जायचो. दिवाळीत सांडव्यावरून पाणी पडत असायचं, त्याखाली उभं राहिलं की पाठ लाल व्हायची. थंडीत शेतात हुरडा आणि घाटाजवळ भोयांच्या बायका उकडलेले शिंगाडे घेऊन बसायच्या. उन्हाळ्यात पाणी आत आत सरकायचं, काठाला चिखलाच्या भेगाळ पापड्या उरायच्या, आणि टेकडीवर टेंभरं पिकायची. वर्षभरात तलाव इतकी रूपं बदलायचा की आपण एकाच ठिकाणी येतोय असं वाटायचंच नाही.

पहिल्या वेळी आम्ही गेलो तेव्हा तलाव काठोकाठ भरलेला होता. रेस्ट हाउसच्या मागं एक छोटी खाडीसारखी जागा आहे. चिंचेची दाट सावली आणि दगडांची उतरण. गावातल्या बाया तिथंच यायच्या. मावशीनं लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि धाडकन पाण्यात उडी घेतली. मी आणि मिलिंद तोंड उघडं टाकून बघत राहिलो. बाई माणूस पोहू शकते हे आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. मावशी लग्न होऊन इथं आल्यावर सासूकडून शिकलेली. सासू भोयांच्या बायकांबरोबर शिंगाडे काढायला जायची, ती त्यांच्याकडून शिकलेली. मावशीनं मला आणि मिलिंदला त्याच दिवशी पाण्यात ओढलं. वाळवलेले दोन भोपळे दोरीनं माझ्या पाठीवर बांधले, मिलिंदला तेलाचा रिकामा, तोंड बुजवलेला डबा दिला, आणि एकच गोष्ट दहादा बजावली, “त्या वाळलेल्या झाडाच्या पुढं जायाचं नाई. पाळ बांधताना मुरूम काढला ना, तिथं खदान हाय. पाय ठेवसान तं खाली जमीनच नाई.”

माय मात्र काठावर बसली होती. काठावर म्हणजे पाण्यापासून चांगली लांब, चिंचेच्या बुंध्याशी. पुढच्या खेपेला तिथंच, त्याच्या पुढच्या खेपेलाही तिथंच. पाणी उन्हाळ्यात मागं सरकलं तशी ती थोडी पुढं आली, पण तेवढंच अंतर राखून. मला वाटायचं, तिला पाण्याचं भय आहे. एकदा मी ओल्या हातानं तिच्यावर पाणी उडवलं तर ती दचकून मागं सरकली. मावशी पाण्यातून म्हणाली, “शांते, हे काही तुह्या गावची विहीर नाई वं.”

मग मला कळलं. मायचं माहेर हिंगणघाटकडचं एक गाव. नाव लिहीत नाही. आता तिथं माझे मामेभाऊ चांगले राहतात आणि त्यांना त्याच गावात राहायचं आहे. त्या गावात पाटलाची पायऱ्यांची मोठी विहीर होती. गावातली पोरं तिच्यात सूर मारायची. माय आणि मावशी घागर घेऊन विहिरीपासून ठरलेल्या अंतरावर उभ्या राहायच्या. कुणीतरी येईल, दया करून वरून पाणी ओतील, याची वाट बघत. कधी लवकर यायचं कुणी, कधी ऊन डोक्यावर यायचं. माझ्या आजोबांनी पुढं दीक्षा घेतली, घरातले जुने देव पाण्यात सोडले, आम्ही बौद्ध झालो, मुलींनी घागर घेऊन तिथं उभं राहायचं नाही असं आजोबांनी ठरवलं. पण तोवर मायचं उभं राहणं तिच्या अंगात मुरलेलं होतं. पाणी दिसलं की तिचे पाय आपोआप त्या अंतरावर थांबायचे. मी पन्नाशी ओलांडेपर्यंत मला या गोष्टीचा पूर्ण अर्थ लागला नव्हता. तेव्हा मी एवढंच समजले की माय भ्यायलेली नाही, थांबलेली आहे.

मावशीनं तिला सोडलं नाही. एका दुपारी, आम्ही पोरं शिंगाडे सोलत बसलो असताना, ती पाण्यातून निथळत वर आली आणि मायच्या समोर उकिडवी बसली.

“शांता, हे तलाव कोनाचं हाय?”

“सरकारचं,” माय म्हणाली.

“सरकार म्हंजे कोन?”

“मले काय माहीत बाई.” माय मावशीला बाईच म्हणायची.

“अवं, मी हाय सरकार. माहा नवरा पानी सोडते ना? मंग चाल. सरकार तुले म्हनून राह्यली, उतर.”

माय हसली. हसली आणि पदर खोचून उठली. दोघी बहिणी हात धरून उतरणीवरून खाली गेल्या. घोट्यापर्यंत पाणी आलं तेव्हा माय थांबली, खाली वाकली, ओंजळीत पाणी घेतलं आणि बराच वेळ ते नुसतं धरून उभी राहिली. मग तिनं ते चेहऱ्यावर घेतलं. मिलिंदनं ओरडून विचारलं, “माय, थंडं हाय का?” माय म्हणाली, “नाई रे, चांगलं हाय.”

शिकायला तिला फार दिवस लागले. आधी भोपळे, मग एक भोपळा, मग मावशीचा हात हनुवटीखाली. मी आणि मिलिंद केव्हाच शिकलो होतो, आम्ही तिच्या भोवती माशांसारखे फिरायचो आणि ती वैतागायची, “सरका पोट्टेहो, मले पानी दिसू द्या!” पहिल्यांदा ती आधाराशिवाय चार हात पोहली तेव्हा तिला स्वतःलाच कळलं नाही. मावशीनं केव्हाच हात काढून घेतला होता. मागं वळून बघितलं तर मावशी लांब कमरेवर हात ठेवून उभी. माय घाबरून एक घोट पाणी प्यायली आणि मग तरंगतच हसत सुटली. एक सांगायला हवं, त्यानंतर चुलीच्या राखेकडं बघत बसणं कमी झालं. पूर्ण गेलं असं म्हणणार नाही. ती मुलगी तिच्या मनातून कधीच गेली नाही. पण बोरखेडीहून आल्यावर आठवडाभर तरी ती काम करताना गुणगुणायची.

बाबांना हे सगळं पसंत होतं का, ते मला कधी नीट कळलं नाही. ते रविवारी यायचे, मावसाजींबरोबर जेवायचे, आणि आम्ही घाटावर निघालो की छत्री घेऊन मागून यायचे. माय पाण्यात उतरली की ते पाण्याकडं पाठ करून एका दगडावर बसायचे आणि छत्री उघडून आडवी धरायचे, पायवाटेच्या बाजूला. पायवाटेवरून जाणाऱ्याला माय दिसू नये म्हणून. तासन् तास तसे बसायचे, आमच्या सगळ्यांच्या चपला पायाशी ओळीनं मांडून. मावशी चेष्टा करायची, “जावईबुवा, कधी इकडं तोंड करून पाहा ना, बायको कशी पोहून राह्यली ते!” बाबा लाजून म्हणायचे, “लोकं पाहत असते.” लोक म्हणजे कोण, तर एखादी शेरडं राखणारी म्हातारी. पण बाबा छत्री खाली करायचे नाहीत.

मी मॅट्रिकच्या वर्गात होते त्या वर्षीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. रविवार होता, ऊन छान पडलेलं. आम्ही घाटावर होतो. मावसाजी कालव्यावर गेलेले. माय आणि मावशी पाण्यात, मिलिंद चिंचेवर, मी काठावर केस वाळवत बसलेली, आणि बाबा आपल्या दगडावर, छत्रीआड. इतक्यात रेस्ट हाउसच्या बाजूनं एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत वीसेक माणसं. बाया, पोरं, भांडी, गोवऱ्यांचं पोतं आणि सर्वांच्या मधोमध गादीवर बसलेली एक गोरी, ठेंगणी म्हातारी. चिंचेची सावली बघून त्यांनी तिथंच मुक्काम टाकला. बाप्यांनी दगडांच्या चुली मांडल्या. मग गळ्याला मफलर गुंडाळलेला एक गडी घाटावर आला आणि पाण्यातल्या माय-मावशीला म्हणाला, “बाई, तुमी थोडं खालच्या अंगाले जा ना. आमच्या बाया इथं हातपाय धुनार हायेत.”

तो वाईट बोलला नाही. मावशीही तशीच सरळ म्हणाली, “तलाव मोठं हाय दादा. तुमच्या बायाइले म्हना, या. जागा पुष्कळ हाय.”

तो काही म्हणणार तेवढ्यात ती म्हातारी सुनेच्या खांद्यावर हात ठेवून उतरणीवर आली. डोळ्यांवर हात धरून तिनं पाण्याकडं बघितलं आणि एकदम म्हणाली, “अवं माय! हे तं तुळशीची शांता होय! शांते, बाहेर ये वं, पाहू दे तुले.”

तुळशी म्हणजे माझी आजी. ही म्हातारी मायच्या गावची पाटलीणबाई होती. आवाजात राग नव्हता, उलट ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंद होता. पण तो आवाज ऐकताच माय पोहायची थांबली. पाय टेकवून उभी राहिली आणि मुकाट्यानं बाहेर आली. बाहेर येताना तिनं मावशीकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही. ओला पदर तिनं डोक्यावर ओढला, काष्टा सोडून लुगडं पायघोळ केलं, आणि पाण्यापासून, पाटलीणबाईपासून लांब जाऊन, दोन्ही हात पोटाशी धरून, मान खाली घालून उभी राहिली. तिच्या अंगावरून पाणी टपकत होतं आणि थंडीनं ती थरथरत होती. घागर तेवढी नव्हती.

पाटलीणबाई बोलतच होती. आई कशी आहे, भाऊ काय करतो, पोरं किती. माय “हो जी,” “नाई जी” एवढंच म्हणत होती. हे “जी” मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मावशी पाण्यात कमरेपर्यंत उभी, गप्प. एरवी ती गप्प होत नसे, आणि त्या शांततेमुळंच असेल, बाबांनी मागं वळून बघितलं.

त्यांनी काय बघितलं ते मला माहीत आहे, कारण मी त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी आपल्या बायकोला तसं उभं असलेलं बघितलं. बाबांचं लहानपणही अशाच एका गावातलं. त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी छत्री मिटली. मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, म्हणाले, “धर.” चपला काढून ओळीत ठेवल्या. आणि तो इस्त्रीचा सदरा, ती कडक पँट, तशाच्या तसा माणूस त्या सगळ्या मंडळींच्या मधून चालत उतरणीवरून पाण्यात शिरला. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. मग वळून काठाकडं तोंड केलं. चेहरा लाल झाला होता. वीस माणसं त्यांच्याकडं बघत होती.

“शांता!” त्यांनी हाक मारली. मोठ्यानं. “शांता, ये. पानी चांगलं हाय.”

मायनं मान वर केली.

“ये ना,” बाबा म्हणाले, आणि तिच्यासाठी जागा करावी तसे एक पाऊल मागं गेले. मग आणखी एक. खदान कुठं आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बाबांना तेवढं माहीत नव्हतं, कारण ते इतकी वर्षं पाण्याकडं पाठ करून बसले होते. तिसऱ्या पावलाला ते दिसेनासे झाले. ओरडले नाहीत, हात हलवले नाहीत. होते आणि नव्हते. पाण्यावर फक्त वर्तुळं उरली.

मावशी ओरडली. मी उठले, पण माझे पाय हलेनात. मायच्या पायांनी मात्र वाट बघितली नाही. ती त्या लांबच्या जागेवरून धावत आली, पाटलीणबाईच्या अगदी अंगाला घासून गेली, आणि काठावरच्या दगडावरून तिनं सूर मारला. तिला सूर मारायला कुणीच शिकवलेलं नव्हतं. मावशीनं शिकवलं होतं ते एवढंच, की बुडत्याला समोरून धरायचं नाही, मागून केस धरायचे. बाबांच्या डोक्यावर धरण्यासारखे केस फारसे नव्हते. मायनं सदऱ्याची कॉलर धरली. ती वर आली तेव्हा एका हातात कॉलर होती आणि तोंडातून फवारा उडत होता. मावशी पुढं झाली, तिनं दुसरा खांदा धरला, आणि दोघींनी त्यांना ओढत उथळ पाण्यात आणलं. बाबा खोकत होते, ओकत होते, जिवंत होते. चिंचेवरून मिलिंद रडत उतरला.

माय त्यांच्या पाठीत धपाधप गुद्दे मारत होती. आधी पाणी काढायला, मग रागानं. “तुमाले अक्कल हाय का? पोहता येत नाई तं उतरले काऊन? पोरं उघडी पडली असती ना माही!”

बाबा गुडघ्यांवर बसलेले, सदरा चिखलानं माखलेला. श्वास पुरत नव्हता तरी म्हणाले, “तू बाहेर आली म्हनून.”

मायचा हात वरच्या वर थांबला. पदर केव्हाच खांद्यावरून पडून पाण्यावर पसरला होता. मग तिनं तो गोळा केला, पिळला, कमरेला खोचला, काष्टा पुन्हा घातला. सगळं अगदी सावकाश, घरात एकटी असल्यासारखं. बाबांना म्हणाली, “उन्हात बसा. अंगातला सदरा काढा.” आणि वळून पुन्हा पाण्यात गेली. खदानीच्या कडेनं, वाळलेल्या झाडाला वळसा घालून, लांबपर्यंत पोहत गेली आणि मग पाठीवर उलटून आकाशाकडं बघत तरंगत राहिली. मफलरवाला गडी चुलीकडं निघून गेला.

पाटलीणबाई तेवढी काठावरच्या दगडावर बसली. लुगडं थोडं वर घेऊन तिनं पाय पाण्यात सोडले आणि मला विचारलं, “हिले कोनं शिकवलं वं पोरी?”

“मावशीनं,” मी म्हटलं.

“हं.” ती मायकडं बघत राहिली. मग म्हणाली, “आमच्या घरची विहीर होती. केवढी मोठी! पन मले कधी कोनी उतरू नाई देल्लं. पाटलाची सून म्हने.” एवढ्यात तिच्या सुनेनं जेवायला हाक मारली आणि ती उठून गेली.

या बोलण्याचं काय करायचं ते मला तेव्हा कळलं नाही. आज थोडं कळतं, पूर्ण नाही. तिलाही पाणी नाकारलेलं होतं हे खरं. पण तिची घागर घरात भरलेली असायची आणि माझी माय उन्हात उभी असायची, हेही खरं. दोन्ही गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून देते, एकीनं दुसरी पुसत नाही. मायला मी हे पुढं कधीतरी सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “बिचारी,” आणि थोड्या वेळानं म्हणाली, “पन तिनं मले बाहेर ये म्हनाले नव्हतं पायजे.”

बाबा पोहायला शिकले नाहीत. मावशीनं भोपळे काढून ठेवले, मावसाजींनी डबा आणला, पण ते म्हणायचे, आता या वयात कायले. फक्त त्या दिवसानंतर ते पाण्याकडं तोंड करून बसू लागले. छत्री असायची, पण मिटलेली. मी पुढं नागपूरला कॉलेजला गेले, मग नोकरी, मग लग्न. बोरखेडी सणासुदीपुरती उरली. माय मात्र पुष्कळ वर्षं जात राहिली. गावातल्या कितीतरी पोरींना तिनं आणि मावशीनं पाण्यात ढकललं. आता तिथं रंगीत होड्या आहेत, अंगात घालायची फुगीर जाकिटं आहेत, शनिवार-रविवार गाड्या लावायला जागा नसते. माझ्या नातीला मी काठावरून दाखवलं, ही अमुक जागा, इथं असं झालं. ती म्हणाली, “आजी, मग तुझ्या बाबांना सी.पी.आर. दिला का?” मी म्हटलं, “नाही गं. गुद्दे दिले.”

त्या दिवशीचं शेवटचं सांगायचं राहिलं. बाबांचे कपडे वाळले नव्हते, म्हणून ते मावसाजींचं धोतर आणि बंडी घालून निघाले. मावसाजी आडव्या हाडाचे. बंडीत बाबांसारखे दोन मावले असते. संध्याकाळची एस.टी. भरलेली होती. बाजार करून निघालेली माणसं, कोंबड्या, पेरूच्या टोपल्या. आम्हाला मागच्या बाकावर जागा मिळाली. कंडक्टर नेहमीचाच होता, बाबांना ओळखणारा. तिकीट फाडता फाडता त्यानं त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि हसून म्हणाला, “काय बाबूजी, आज धोतरात? पँट कुठं गेली?”

मला वाटलं, बाबा आता खिडकीबाहेर बघतील, नेहमीसारखे. माय खाली मान घालून पिशवीची गाठ सोडू लागली.

“तलावात बुडत होतो,” बाबा म्हणाले. चांगलं मोठ्यानं, इंजिनाच्या आवाजावरून. “हिनं काढलं.”

“कोनं?” कंडक्टरनं विचारलं.

“हिनं. माह्या बायकोनं. चांगली पोहते ते.”

पुढच्या बाकांवरची माणसं वळली. पेरूवाली बाई टोपलीसकट वळली आणि मायला म्हणाली, “खरंच काय वो बाई? तुमाले पोहता येते?”

सगळी एस.टी. आमच्याकडं बघत होती. मायनं पिशवी खाली ठेवली, मान वर केली, आणि त्या बाईच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “हो, येते ना.”

बाबा थोडे सरकले आणि त्यांनी तिला खिडकीची जागा दिली.